शोपाँचं स्वतःचं फिंगरिंग (कुठल्या सुराला कुठलं बोट, त्याचे आकडे) कुठल्या प्रतीत बघायचं?

कृष्णाकाठ_पियानो (सांगली)
मंडळी, पियानोचा संगीतकार शोपाँ, त्याच्या ओपस १० (छापील रचनांचा क्रमांक) मधला दुसरा एट्यूड (सरावाची रचना) बसवतोय, ए मायनरवाला. वरची क्रोमॅटिक (अर्ध्या-अर्ध्या सुरानं जाणारी) धाव तिसऱ्या-चौथ्या-पाचव्या बोटानंच काढायची आणि त्याच हाताच्या अंगठ्यानं-तर्जनीनं खालचे कॉर्ड (एकदम वाजणारे सूर), अर्ध्या पानात मनगट भरून येतंय. सरांनी दिलेली झेरॉक्स शोपाँचा शिष्य मिकुली याच्या आवृत्तीची, तिच्यात छापील आकडे, वर सरांची पेन्सिल, आणि त्याच्याही आधीच्या कुणाचं तरी खोडलेलं. नेटवर लंडनची जुनी प्रत मिळाली तर तिच्यात आकडे भलतेच आणि मधेमधे अधिकासारखी खूण. यातलं खुद्द शोपाँचं कुठलं?

पेडलवाली_ताई
ती खूण म्हणजे अंगठा. जुन्या इंग्लिश छपाईत अंगठ्याला फुली आणि तर्जनीला १, आपल्याकडं अंगठा १ आणि करंगळी ५, म्हणजे तिथला ४ ही आपली करंगळी, एकेक आकडा वाढवून वाचा. पण दादा, ओपस १० ची लंडनची पहिली आवृत्ती वेसेल या प्रकाशकाची, १८३३ ची, आणि तिच्यावर छापलंय की जादा फिंगरिंग फोंतानाचं आहे, म्हणजे शोपाँच्या मित्राचं. पहिली आवृत्ती म्हणजे सगळं अस्सल असं काही नसतंय. पॅरिसला श्लेसिंगरनं आणि लाइपझिगला किस्टनरनं तेव्हाच छापलेलं, ते स्कॅन फुकट मिळतात, शेजारी ठेवून बघा. मिकुली शिष्य खरा, पण तो प्रस्तावनेत म्हणतो की फिंगरिंग बहुतेक शोपाँचंच, जिथं नाही तिथं निदान त्याच्या पद्धतीचं, आता कुठं आहे आणि कुठं नाही हे पानावर कसं कळणार?

मिरजेचा_पेटीमास्तर
एवढा खटाटोप कशाला म्हणतो मी. आमच्यात गुरुजी बोट धरून दाखवायचे, लिहून कोण देतंय? त्याचा हात वेगळा, तुमचा वेगळा. बसेल ते बोट टाका की.

पेडलवाली_ताई
मास्तर, फ्रेंच संगीतकार देब्युसी तुमच्याच पार्टीतला, १९१५ च्या एट्यूडमध्ये त्यानं मुद्दाम एकही आकडा दिला नाही, ज्याचं त्यानं शोधावं म्हणून. पण शोपाँचं तसं नाही, त्याच्या आकड्यात आवाज लपलेला असतो. लागोपाठच्या दोन सुरांना एकच बोट, चौथं पाचव्यावरून ओलांडून, अंगठा बिनधास्त काळ्या पट्टीवर, हे नुसत्या सोयीसाठी कोण लिहील? शिष्यांना शिकवताना त्यांच्या प्रतींवर तो पेन्सिलनं लिहायचा, त्यातल्या जेन स्टर्लिंग या शिष्येच्या प्रती पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहेत. तिथवर जायची गरज नाही, एकियेरनं संपादित केलेली पोलिश नॅशनल एडिशन घ्या, शोपाँचे आकडे सरळ आणि जरा मोठे, संपादकाचे तिरपे नि बारीक. महाग आहे, पण एट्यूडचा तेवढा एक खंड घेतला तरी भागतंय.

मिरजेचा_पेटीमास्तर
काळीवरून पांढरीवर एकाच बोटानं घसरायचं म्हणता होय, ते आम्ही मींडेचा भास द्यायला पेटीवर करतोच. मग शोपाँला हे कुणी शिकवलं?

कृष्णाकाठ_पियानो (सांगली)
ताई, लई आभार. सरांच्या पेन्सिलीचं काय करू, खोडू का? त्यांना कळलं तर माझं काही खरं नाही.

पेडलवाली_ताई
खोडू नका, दुसरी झेरॉक्स काढा.