सेकंडहँड लेझर कटर: पॉवर कमी झालीय, ट्यूब बदलू का?

प्रश्न:
६० वॅटचं सीओटू लेझर मशीन सेकंडहँड घेतलंय. सुरुवातीला ३ एमएमचं अ‍ॅक्रिलिक एका पासमध्ये व्यवस्थित कापायचं, आता स्पीड निम्म्यावर आणला तरी खालचा थर चिकटून राहतो. मशीन चालू केल्यावर थोडा वेळ बरं चालतं मग कमी होत जातं, आणि बेडच्या उजव्या पुढच्या कोपऱ्यात तर सगळ्यात वाईट. विकणारा म्हणाला होता ट्यूब (लेझर किरण तयार करणारी काचेची नळी) फार वापरलेली नाही. नवी ट्यूब मागवण्याआधी काय काय बघू?

प्रतिसाद १:
ट्यूबवर बनवल्याची तारीख असेल तर ती बघा. काचेची ट्यूब न वापरता पडून राहिली तरी आतला गॅस हळूहळू कमी होतो, त्यामुळे 'फार वापरलेली नाही' याने काही कळत नाही. माझा कल ट्यूबकडेच आहे.

प्रतिसाद २:
इतक्यात ट्यूबवर येऊ नका, आधी एमए मीटर (ट्यूबमधला करंट मिलिअँपिअरमध्ये दाखवणारा) बघा. पॅनेलवर नसेल तर जाणकाराकडून ट्यूबच्या अर्थिंगच्या बाजूला बसवून घ्या, दुसऱ्या बाजूला १५-२० हजार व्होल्ट असतात आणि मशीन बंद केल्यावरही चार्ज राहू शकतो, तिकडे स्वतः हात घालू नका. सेटिंग वाढवलं तरी करंट वर जात नसेल तर संशय पॉवर सप्लायवर. करंट पूर्ण येतोय आणि कटिंग तरी कमजोर, मग किरण वळवत नेणारे आरसे, तो एका बिंदूवर आणणारी लेन्स किंवा ट्यूब, आणि यातलं कोणतं ते मास्किंग टेपने कळतं. पॉवर कमी ठेवून, झाकण बंद करून, छोटा पल्स द्यायचा, आधी पहिल्या आरशापुढे टेप लावून, मग दुसऱ्या, मग तिसऱ्या. पहिल्यापुढेच डाग फिका किंवा वेडावाकडा आला तर ट्यूब. तिथे चांगला आणि पुढे बिघडत गेला तर आरसे घाण किंवा अलाइनमेंट (आरशांची जुळणी) बिघडलेलं. एकाच कोपऱ्यात त्रास म्हणजे मला तरी अलाइनमेंट नक्कीच हललेलं वाटतंय, मशीन हलवताना हे हमखास होतं.

प्रतिसाद ३:
पाण्याचं तापमान कुणी विचारलंच नाही! 'थोडा वेळ बरं चालतं मग कमी होतं' हे गरम पाण्याचं लक्षण आहे. साधी बादली आणि पंप असेल तर पाणी तापत जातं आणि ट्यूबची पॉवर उतरते. १८ ते २२ अंशांच्या आसपास ठेवा, डिस्टिल्ड पाणीच वापरा, ट्यूबमध्ये हवेचा बुडबुडा अडकलाय का तेही बघा, बुडबुड्याजवळ काच तापून तडकू शकते.

प्रश्न विचारणारा:
सगळ्यांचे आभार, खूप मदत झाली. करंट पूर्ण येतोय. पहिल्या आरशापुढचा डाग गोल आणि ठळक आहे, म्हणजे ट्यूब ठीक दिसतेय. लेन्स काढली तर मधोमध तपकिरी डाग आहे, आयपीएने (आयसोप्रोपिल अल्कोहोल) पुसला तरी जात नाही. पाणी ३१ अंश होतं, पाणी थंड ठेवणारा चिलर बघतोय. आता लेन्स बसवताना आणि अलाइनमेंट करताना काय जपू?

प्रतिसाद २:
तो डाग जळालेल्या कोटिंगचा, लेन्स बदलाच, तशी वापरली तर उष्णता धरून तडकेल. ती झिंक सेलेनाइड या विषारी पदार्थाची असते, तडा गेला तर तुकडे हाताने उचलू नका. नवी बसवताना फुगीर बाजू वर, सपाट बाजू मटेरियलकडे, आणि मग फोकस परत सेट करा. एअर असिस्ट (कटच्या जागी हवेचा झोत) चालू ठेवा, धूर लेन्सवर बसूनच हे होतं. अलाइनमेंटमध्ये पहिल्या आरशाचे स्क्रू फिरवायचे ते दुसऱ्या आरशावरचा डाग गँट्री (हेड ज्यावर सरकतं ती आडवी पट्टी) जवळ असताना आणि लांब असताना एकाच जागी येईपर्यंत. मग दुसऱ्या आरशाने तिसऱ्यावरचा डाग तसाच जुळवायचा, हेड (तिसरा आरसा आणि लेन्स असलेला भाग) डाव्या टोकाला आणि उजव्या टोकाला नेऊन. तिसऱ्याला शेवटी हात लावा, त्याने फक्त किरण लेन्सच्या मधोमध सरळ खाली पाडायचाय. एका वेळी पाव फेरा, त्याहून जास्त नको.