शब्दचर्चा: ब्रिजमधल्या ‘बिडिंग जजमेंट’ला मराठीत काय म्हणावं?

चौथा भिडू
आमच्या सोसायटीतल्या निवृत्त मंडळींसाठी ब्रिजची मराठी टिपणं लिहितोय. २०१८च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत प्रणब बर्धन आणि शिबनाथ सरकार यांनी पुरुष जोडीचं सुवर्ण जिंकलं, तेव्हा बर्धन साठीचे होते. हे कळल्यापासून मंडळी फॉर्मात आहेत. एक्का, राजा, हुकूम, भिडू, उतारी, हात हे सगळे शब्द घरचेच, त्यामुळे खेळाचा भाग सहज लिहून झाला. अडलोय बोलीपाशी (बिडिंग, म्हणजे किती हात करू आणि हुकूम कुठला हे खेळाआधी सांगणं). एक्क्याचे ४, राजाचे ३, राणीचे २, गुलामाचा १ ही मोजणी सांगितली, किती गुणांना काय बोलायचं याचा तक्ता दिला. पण तक्ता जिथे संपतो तिथून पुढे खेळाडू जे ठरवतो, त्याला इंग्रजी पुस्तकं ‘जजमेंट’ म्हणतात. ‘निर्णयक्षमता’ लिहिलं तर बढतीच्या मुलाखतीला बसल्यासारखं वाटतं. ‘अंदाज’ चालेल का? शिवाय ओव्हरबिड आणि अंडरबिड (पानांच्या मानाने जास्त किंवा कमी बोलणं) यांनाही शब्द हवेत.

तळटीप
‘जजमेंट’च ठेवा की. मे महिन्याच्या सुट्टीत पत्ते कुटलेल्या प्रत्येकाला माहीत असलेला शब्द आहे.

इस्पिकराणी
माहीत आहे म्हणूनच नको! जजमेंट नावाचा आख्खा डाव आपल्याकडे खेळतात. त्यात प्रत्येकजण आपापल्यापुरते हात बोलतो आणि बोलला तेवढेच करायचे, एक जास्त झाला तरी बोंब. तिथून आलेला माणूस ब्रिजला बसला की हातातली पानं मोजतो, आपले किती होतील ते सांगतो आणि समोर भिडू बसलाय हे विसरतो. ब्रिजमध्ये ‘एक इस्पिक’ म्हणजे सहा अधिक एक अशी सात हातांची बोली, पण सात हात मी एकटी करणार असं त्यात कुठे आहे? सलामीची बोली हा निम्मा निरोप असतो, उरलेला निम्मा भिडूकडून यायचा असतो. आणि बोललात त्याहून एखादा हात जास्त झाला तर ब्रिजमध्ये गुण मिळतात, दंड नाही.

‘अंदाज’लाही माझा विरोध. बंद पानं कुणाकडे आहेत याचा अंदाज बांधतात. इथे प्रश्न समोर उघडी दिसणारी आपली तेरा पानं आज किती मोलाची आहेत याचा आहे.

तळटीप
मान्य. क्रियापदाचं काय करताय? टिपणात ‘बोली लावणे’ लिहू नका, ते आयपीएलच्या लिलावाचं झालं. पत्त्यांच्या अड्ड्यावर ‘किती बोललास?’, ‘तीन बदाम बोलले’ असंच म्हणतात. गंमत अशी की स्पर्धेत कुणी बोलतच नाही. प्रत्येकाच्या कोपऱ्यापाशी डबी असते, त्यातून छापील कार्डं काढून मांडायची. पासचं हिरवं, डबलचं (‘हे तुम्हाला जमणार नाही’ म्हणून विरोधकांचा दंड वाढवणारी बोली) लाल. आवाजाच्या चढउतारातून, उसाशातून भिडूला काही कळू नये म्हणून हा बंदोबस्त. तुम्ही दोन मिनिटं विचार करून पास दिलात, तर त्या विचार करण्यातून भिडूने काही ताडून फायदा उठवणंही नियमात बसत नाही. घरच्या अड्ड्यावरची अर्धी मजा त्यातच असते हा भाग वेगळा.

बिनहुकमी
माझं मत तारतम्य. हा शब्दच ‘तर’ आणि ‘तम’ या प्रत्ययांवरून आलाय. लघुतर, लघुतम मधले तेच. दोन गोष्टी शेजारी ठेवून कुठली सरस हे ओळखणं म्हणजे तारतम्य, आणि बोलीत नेमकं तेच करायचं असतं. तुमच्या मंडळींना हे दोन डाव दाखवा.

पहिला: इस्पिक राजा-आठ-सहा-चार, बदाम एक्का-नऊ-पाच-तीन, चौकट नुसती सत्ती, किलवर गुलाम-आठ-पाच-चार.
दुसरा: इस्पिक आठ-सहा-चार, बदाम राणी-गुलाम-पाच, चौकट राणी-गुलाम-सात, किलवर राणी-आठ-पाच-तीन.

दोन्हींचे गुण मोजा, आठ-आठच भरतात. भिडूने पाच पानांची ‘एक इस्पिक’ बोलली, तुम्ही ‘दोन इस्पिक’ म्हणालात, त्याने ‘तीन इस्पिक’ म्हणून विचारलं: जाऊ या का चारला (दहा हात, पण जमले तर मोठा बोनस)? पहिल्या डावात आपले नऊ हुकूम जमले, एक्का आणि हुकमाचा राजा खणखणीत, चौकटीचा एकच हात जाईल, पुढची चौकट कापता येईल. दुसऱ्या डावात राण्या-गुलामांची वरात आहे, कापायला काही नाही, हुकूमही तीनच. त्या राणी-गुलामाला मोल यायला भिडूकडे त्याच रंगाची वरची पानं लागतात. तक्त्याला दोन्ही डाव सारखे, खेळाडूला नव्हेत. पहिल्यावर चार, दुसऱ्यावर पास.

आणि हे मोल एकदा ठरलं की झालं असंही नाही, बोली चालू असताना ते हलतं. माझ्याकडे बदामाचा राजा आणि एक बारकं पान आहे. उजवीकडचा बदाम बोलला की माझा राजा वधारतो, कारण एक्का बहुधा त्याच्याकडे आणि त्याच्यानंतर पान टाकायची पाळी माझी. तोच बदाम डावीकडचा बोलला तर राजा उतरला, एक्का त्याच्या मागे टपून बसलाय. पान तेच. ‘वधारला’, ‘उतरला’ हे बाजारातले शब्द टिपणात बेलाशक वापरा, तुमचे शेअरवाले काका लगेच समजतील.

पुणेरी पास
पहिला डाव हातात असलेला माणूस ‘दोन इस्पिक’वर थांबतोच कसा? चार हुकूम, एकपानी चौकट. मी सरळ तीन बोललो असतो.

बिनहुकमी
बोला. तेही तारतम्यच झालं, जरा आधी वापरलेलं. मला एकाच प्रश्नाला दोन उत्तरं दाखवायची होती म्हणून दोघांना दोनवर बसवलं.

इस्पिकराणी
तारतम्याला माझं मत. पण ते पानांपुरतं ठेवू नका, गुणफलकाचंही तारतम्य लागतं. आमच्याकडे ‘चारला जायला धाडस लागतं’ असं म्हणणारे खूप आहेत. संघांच्या सामन्यात धाडसाचा काही संबंध नसतो, तो बेरीज-वजाबाकीचा भाग आहे.

आपण व्हल्नरेबल आहोत असं धरा, म्हणजे ज्या डावात बोनस आणि दंड दोन्ही मोठे असतात तसा डाव. चार इस्पिक बोलून दहा हात केले तर ६२०. तीनवर थांबून तेच दहा केले तर १७०. फरक ४५०, म्हणजे १० आयएमपी (दोन टेबलांच्या गुणांतला फरक ज्या मापात मोजतात ते). आता नऊच हात झाले असं धरा. चार बोललेला १०० गमावतो, तीन बोललेला १४० कमावतो. फरक २४०, म्हणजे ६ आयएमपी. जिंकलं तर दहा, हरलं तर सहा. शंभरात ३८ वेळा जमत असेल तरी बोललेलं बरं. व्हल्नरेबल नसताना हेच गणित ६ विरुद्ध ५ होतं, तिथे ४५ टक्क्यांच्या वर शक्यता हवी.

म्हणजे डाव एका फिनेसवर (विरोधकाचं वरचं पान सोयीच्या बाजूला आहे असं धरून केलेली खेळी) अडलाय, अर्धी-अर्धी शक्यता, तर दोन्ही वेळा बोलायचं. दोन फिनेस लागोपाठ लागायला हव्यात, म्हणजे चारात एकदाच, तर गप्प बसायचं. विरुद्ध बाजूची सहा पानं तीन-तीन वाटली जाण्यावरच भिस्त असेल तर शक्यता ३६ टक्के, व्हल्नरेबललाही केसभर कमी. जोड्यांच्या स्पर्धेत फरक किती गुणांचा याला महत्त्व नाही, इतर टेबलांपेक्षा वर की खाली एवढंच बघतात, त्यामुळे तिथे सरळ निम्म्याहून जास्त शक्यता हवी. हे दोन प्रकार टिपणात वेगळे लिहा, नाहीतर मंडळी एकाचं गणित दुसऱ्याला लावतील.

पुणेरी पास
विरोधकही बोलत असतील तेव्हाचा नियम द्याच. जाँ-रने व्हेर्न या फ्रेंच माणसाने मांडलेला, १९६९ मध्ये इंग्रजीत आला. मी मराठीत असा सांगतो: *जितके हुकूम दोघांत मिळून, तितक्या हातांपर्यंत बोलावं.* आठ असतील तर दोनपर्यंत, नऊ असतील तर तीनपर्यंत. गुण कमी असले तरी. मूळ नियम दोन्ही बाजूंच्या हुकमांच्या बेरजेचा आहे, पण टेबलावर एवढंच लक्षात राहतं आणि बहुतेक वेळा पुरतं.

पण बहुतेक वेळाच, हं. हातात नुसते राणी-गुलाम असतील, तेही विरोधकांच्या रंगात, तर एक पायरी आधीच थांबा.

तळटीप
अवांतर: तुमच्या मंडळींत हिंदी भाषक असतील तर ‘हुकूम’ जपून. हिंदीत हुकुम म्हणजे इस्पिकच. आपण ‘हुकमाचा एक्का’ म्हणतो तो ज्या रंगाचा हुकूम त्याचा. इंदूरच्या पाहुण्यांनी एकदा आमच्याकडे बदाम हुकूम असताना इस्पिकाने कापायला घेतलं होतं, आणि वर तेच वाद घालत होते.

चौथा भिडू
तारतम्य नक्की. इस्पिकराणींचं गणित आणि बिनहुकमींचे दोन डाव जसेच्या तसे घेतोय, हरकत नसावी. इंदूरकर आमच्याकडेही एक आहेत, त्यांच्यासाठी वेगळी चौकट टाकतो. (पत्त्यांतली नव्हे.) आता ओव्हरबिड-अंडरबिड?

इस्पिकराणी
अंडरबिडला तयार शब्द आहे: हात राखून बोलणे. दोन्ही अर्थांनी बसतो.

बिनहुकमी
वा! मग ओव्हरबिडला ‘हात दाखवून अवलक्षण’.

पुणेरी पास
ते डबल पडल्यावर. व्हल्नरेबल असताना डबल होऊन तीन हात कमी पडले की ८०० जातात, अवलक्षण तेव्हा म्हणा. साध्या ओव्हरबिडला चढून बोलणे पुरे. ‘तुम्ही फार चढून बोलता’ असं आमच्या क्लबात रोज कुणीतरी कुणालातरी सुनावत असतं, बहुधा नवरा-बायकोच्या जोडीत.

चौथा भिडू
टिपणात जोड्या पाडताना नवरा-बायकोला वेगळ्या टेबलांवर बसवतो.