मुक्तिनाथला निघण्याआधी मागचा टायर नीट मोजा

अहो, मागच्या टायरला ३ मिमी खोल खाच आहे म्हणून रॉयल एनफिल्डची हिमालयन बाइक तशीच नेपाळमधल्या मुक्तिनाथला नेताय, पण मोजलंत कुठे? कडेला मोजून उपयोग नाही राव, हायवेवर सरळ पळवून मागचा टायर मधोमध सपाट होतो आणि कडा नव्यासारख्याच दिसतात. साइडवॉलवर (टायरच्या बाजूला) टीडब्ल्यूआय, म्हणजे झीज दाखवणारी खूण, लिहिलंय ना, त्याच्या रेषेत खाचेत बारीक उंचवटा दिसेल, रबर तिथवर झिजलं की टायर संपला. पुण्याहून जाऊन-येऊन चार हजार किमीच्या आसपास होणार, त्यात नेपाळात मुक्तिनाथच्या वाटेवर बेनी गावाच्या पुढे पाऊस लागला तर नुसता राडा, तिथे दुचाकीला किमान ०.८ मिमी खाच हवी हा आपला कायदा काय कामाचा?

पुढच्या टायरवर तळहात फिरवा, लाटा लागल्या तर तोही बदला, २१ इंची वाटेत सहज मिळत नाही. टायरवरच्या डॉट (DOT) कोडचे शेवटचे चार आकडेपण बघा, ती बनवल्याची तारीख, २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा, असला म्हातारा टायर खाच असली तरी मी नेणार नाही. आणि नवीन टाकलात तर शंभर-दीडशे किमी इथेच आरामात चालवून घ्या, कोरं रबर घसरतं. ट्यूबवाली चाकं असतील तर पुढच्या-मागच्या दोन्ही मापांच्या ट्यूब सोबत ठेवा.