शब्दचर्चा : ‘रेट्रो’ला ‘जुना’ म्हणून भागेल का?

प्रश्न

मंडळी, पुरुषांच्या पोशाखावरचा एक लेख मराठीत आणतोय आणि तीन दिवस एकाच शब्दापाशी अडलोय. तो शब्द म्हणजे ‘रेट्रो’.

‘रेट्रो शर्ट’ला ‘जुना शर्ट’ लिहिलं तर डोळ्यांसमोर येतो विटलेला, कोपरावर विरलेला शर्ट. ‘जुन्या काळातला शर्ट’ लिहिलं तर तो काचेच्या कपाटात ठेवल्यासारखा वाटतो. ‘जुनाट’ या शब्दात तर सरळ नापसंतीच आहे. मला सांगायचाय तो शर्ट कोराकरकरीत आहे, कालच शिवलेला. फक्त कॉलरची टोकं पन्नास वर्षांपूर्वीसारखी लांब आहेत. त्यात लेखात ‘व्हिंटेज’ आणि ‘क्लासिक’ हेही शब्द येतात आणि लेखक तिन्ही वेगळ्या अर्थांनी वापरतो. ‘रिव्हायव्हल’साठी मी ‘पुनरुज्जीवन’ योजलंय, पण ‘पाटलोणीचं पुनरुज्जीवन’ वाचताना माझं मलाच अवघडल्यासारखं होतं.

काय करू?

उत्तर

आधी तिन्ही शब्द वेगळे करून घेऊ, मग मराठीचं बघू.

‘व्हिंटेज’ मूळचा द्राक्षाच्या मळ्यातला. लॅटिनमध्ये ‘विंदेमिया’ म्हणजे द्राक्षांची तोडणी. त्यावरून ज्या वर्षीच्या द्राक्षांची वाइन ते वर्ष, आणि त्यावरून एखाद्या ठरावीक काळाची खरीखुरी वस्तू. म्हणजे व्हिंटेज कोट त्या काळातच शिवलेला असावा लागतो. साधारण वीस वर्षांहून जुन्या कपड्याला व्हिंटेज म्हणायची रीत आहे.

‘रेट्रो’ म्हणजे लॅटिनमध्ये ‘मागे’, ‘मागच्या दिशेने’. आजच्या अर्थाने तो रुळला १९७०च्या दशकात, फ्रेंचमधून. सिंहावलोकनाला तिथे जो शब्द आहे, त्याचा हा पुढचा तुकडा. जानेवारी १९७१मध्ये इव्ह सँ लोराँ या फ्रेंच फॅशन डिझायनरने पॅरिसमध्ये दुसऱ्या महायुद्धाच्या काळातल्या कपड्यांवरून बेतलेला संग्रह दाखवला आणि मोठा गहजब झाला. कपडे स्त्रियांचे होते, पण शब्दाचा जीव तिथेच कळतो. ज्यांनी जर्मनांच्या ताब्यातलं पॅरिस भोगलं होतं, त्यांना ते रुंद खांदे बघवेनात. ज्यांनी भोगलं नव्हतं, त्या तरुणींना ते हवेसे वाटले. रेट्रोला हे अंतर लागतंच. जो तो काळ जगला त्याच्यासाठी तो कपडा आठवण असतो. रेट्रो असतो तो नंतर आलेल्यासाठी.

पुरुषांच्या कपड्यात याचं माझ्या मते सगळ्यात बोलकं उदाहरण शब्दाच्याही आधीचं आहे. युद्ध संपल्यावर लंडनमधल्या सॅव्हिल रो या रस्त्यावरच्या शिंप्यांनी सातव्या एडवर्डच्या कारकिर्दीतला, म्हणजे १९०१ ते १९१० या काळातला थाट पुन्हा काढला : लांब कोट, मखमली कॉलर, अरुंद पाटलोण, नक्षीची जाकिटं. गिऱ्हाईक ठरलेलं होतं, सैन्यातले तरुण अधिकारी आणि पैसेवाल्यांची मुलं. पण १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला हाच थाट कामगार वस्त्यांमधल्या पोरांनी उचलला, आपल्या पद्धतीने वाढवला, आणि वरच्या वर्गाने तो टाकून दिला. १९५३मध्ये एका वर्तमानपत्राने ‘एडवर्डियन’चं ‘टेडी’ केलं; टेडी हे एडवर्डचं लाडाचं नाव. तेव्हापासून ती पोरं ‘टेडी बॉइज’. पुढे १९७०च्या दशकात टेडी बॉइजचाच थाट पुन्हा निघाला! मागे वळून बघणाऱ्यांकडे कुणी तरी मागे वळून बघितलं.

आता ‘क्लासिक’. साहित्यात आपण ‘अभिजात’ म्हणतो, पण ‘अभिजात रेनकोट’ कानाला खटकतो. मी ‘सदाबहार’ लिहीन. पहिल्या महायुद्धात खंदकांतल्या अधिकाऱ्यांसाठी घडलेला ट्रेंच कोट घ्या. खांद्यावरच्या पट्ट्या, कमरपट्ट्यावरच्या धातूच्या कड्या, सगळं शंभर वर्षं तसंच आहे. तो गेलाच नाही, त्यामुळे ‘परत आला’ म्हणता येत नाही. रेट्रो व्हायला आधी जावं लागतं.

आणखी एक उत्तर

वरच्या उत्तरातली व्हिंटेज-रेट्रोची सीमा मला पटते, फक्त एका ठिकाणी ती पुसट होते आणि तुमच्या लेखात ते ठिकाण बहुतेक येईलच, म्हणून लिहितो.

जीन्सचं कापड पूर्वी धोट्याच्या मागावर विणलं जायचं. धोटा बाणा घेऊन एका काठाकडून दुसऱ्या काठाकडे जातो आणि तोच धागा घेऊन परत फिरतो, त्यामुळे कापडाची किनार आपोआप बंद होते, उसवत नाही. पुढे रुंद, वेगवान, बिनधोट्याचे माग आले. त्यांवर दर फेरीला धागा कापला जातो आणि ती घट्ट विणलेली किनार गेली. १९८०च्या दशकापासून जपानमध्ये, विशेषतः ओसाका आणि ओकायामा भागातल्या कोजिमाकडे, काही जणांनी मुद्दाम धोट्याच्या मागावर जुन्या अमेरिकी जीन्ससारखं कापड विणायला घेतलं. तशी किनार, तशी निळी छटा, तशीच टाक्यांची ठेवण. आणि ज्या देशात हे कापड घडलं, त्या अमेरिकेत असं कापड विणणारी कोन मिल्सची व्हाइट ओक गिरणी २०१७च्या अखेरीस बंद झाली.

ही जीन्स नवी, म्हणून व्हिंटेज नाही. पण तिला नुसतं रेट्रो म्हणणं मला अपुरं वाटतं, कारण रेट्रोमध्ये फक्त दिसणं जुनं असलं तरी चालतं. इथे दिसण्याबरोबर करणंही जुनं आहे. ‘जुन्या रीतीने विणलेली’ असं सरळ लिहा.

माझे वडील शिंपीकाम करायचे. कुणी जुना फोटो घेऊन आलं, की माप घेता घेता त्यांचा पहिला प्रश्न असायचा, “कापड तसलं पाहिजे की कट तसला?” बहुतेकांना कट हवा असायचा. वहीत ते ‘जुन्या कटची पँट, समोर दोन चुण्या’ असं लिहून ठेवत. शिंप्याच्या टेबलावर ‘रेट्रो’ला ‘जुन्या कटचा’ हा शब्द केव्हाच मिळालेला आहे. लेखात ‘कट’ नको असेल तर ‘जुन्या वळणाचा’ म्हणा. ‘वळण’ मला फार आवडतं : अक्षराचं वळण म्हणजे घडण, रस्त्याचं वळण म्हणजे दिशा बदलणं. रेट्रोत दोन्ही आहेत.

छोटी भर

कपडा परत येतो, पण बरेचदा नाव परत येत नाही. खलाशांच्या घोळदार विजारी १९६०च्या दशकात तरुणांनी लष्करी जुन्या मालाच्या दुकानांतून उचलल्या, त्या आपल्याकडे ‘बेलबॉटम’ म्हणून मराठीच झाल्या. आता तोच घोळ आला तर तो ‘फ्लेअर्स’. ‘जाकीट’ परत आलं ते ‘वेस्टकोट’ होऊन. ‘पाटलोण’ तर ‘पँट’ होऊन आता ‘ट्राउझर’ झाली. खरं तर ही पाटलोण इटलीतल्या विनोदी नाटकांतल्या पांतालोने नावाच्या म्हाताऱ्या पात्राकडून आलेली, तीही तिथे जुन्या माणसाचाच कपडा होती.

‘कल्ले’ मात्र टिकून राहिले. इंग्रजीतला ‘साइडबर्न’ हा बर्नसाइड या अमेरिकी यादवी युद्धातल्या सेनापतीच्या नावाची उलटापालट होऊन झालाय. आपण माशाला आणि माणसाला एकच शब्द लावला, आणि फॅशन कितीदा आली-गेली तरी तो बदलावा लागला नाही. लेखात कल्ले असतील तर कृपा करून ‘साइडबर्न्स’ लिहू नका.

प्रश्नकर्ता

सगळ्यांचे मनापासून आभार. ‘जुन्या वळणाचा’ लावून बघितला आणि अर्ध्याहून जास्त वाक्यं सुटली. ‘व्हिंटेज’ला ‘त्या काळचा’ केलं : ‘त्या काळचा कोट’ आणि ‘त्या वळणाचा कोट’ हा फरक वाचणाऱ्याला लगेच कळतो, तळटीप लागत नाही.

दोन शंका उरल्या. एक, ‘रिव्हायव्हल’. दुसरी, ‘ट्रेंड’साठी मी ‘टूम’ घेतलाय तो बरोबर आहे का?

उत्तर

‘टूम’ नको. टूम नेहमी ‘नवी’ निघते. ‘जुनी टूम पुन्हा निघाली’ हे वाक्य होतं, पण त्यात थोडी हेटाळणी येते, ‘खूळ’ला येते तशी. लेखकाला तो कपडा मनापासून आवडलाय असं दिसतं, तर साधं ‘चलन’ घ्या. ‘रुंद कॉलरचं चलन पुन्हा वाढलं.’

‘पुनरुज्जीवन’ कलेचं होतं, परंपरेचं होतं, भाषेचं होतं. कोजिमाच्या मागांबद्दल लिहिताना तो शब्द खुशाल वापरा, तिथे मरणपंथाला लागलेली विद्या खरंच जगवली गेली. पाटलोणीच्या बाबतीत आपण बोलताना काय म्हणतो ते आठवा : ‘घोळदार पँटी परत आल्यात’, ‘पुन्हा निघाल्यात’. क्रियापद घेतलं की नामाची अडचणच राहत नाही.

आणि ‘जुन्या वळणाचा’ बाबत एक सावधगिरी. कपड्याला तो चपखल बसतो, माणसाला नाही. ‘जुन्या वळणाचा माणूस’ म्हटलं की मराठीत विचारांबद्दल बोलणं सुरू होतं : शिस्तीचा, सोवळा, नव्याला बिचकणारा. रेट्रो कपडे घालणारा तरुण तसा असेलच असं नाही. टेडी बॉइज तर त्यांच्या आईवडिलांना भलतेच बंडखोर वाटत होते. त्यामुळे तुमच्या लेखात ‘तो अगदी रेट्रो दिसत होता’ असं वाक्य असेल तर तिथे ‘रेट्रो’च राहू द्या. नाही तर कपड्याकडे यायला लावा : ‘अंगात जुन्या वळणाचा कोट, केसांचा कोंबडा, कानाखाली उतरलेले कल्ले.’

प्रश्नकर्ता

तसं वाक्य आहे, आणि तेही पहिलंच. कोट, कोंबडा आणि कल्ले घेतले.