दाभोळ खाडीतून बॅटरीच्या होडीने माल चिपळूणला नेणं जमेल का?

खाडीपट्टा:
मंडळी, आमचं गाव दाभोळ खाडीच्या गुहागरकडच्या काठावर. काजू, आमसुलं, नारळ, सीझनला आंबा सगळं टेम्पोने चिपळूणला जातं आणि येताना सिमेंट, खत, पेंडीची पोती येतात. समोर एवढी खाडी रिकामी पडलीय आणि आम्ही वळणावळणाच्या रस्त्यावर डिझेल जाळतोय हे बघवत नाही. जुनी माणसं सांगतात की पडाव (शिडाच्या मालवाहू होड्या) आणि लाँची पार चिपळूणजवळच्या गोवळकोटच्या धक्क्याला लागायच्या. २०१६ च्या कायद्यात जे १११ राष्ट्रीय जलमार्ग जाहीर झाले त्यात दाभोळ खाडी-वाशिष्ठी नदीचे ४५ किमी पण आहेत, मग माल का जात नाही? आमचा गट १५-२० टनाची बॅटरीवरची होडी घ्यायचा विचार करतोय. खरंच धूर कमी होईल का, आणि परवडेल का?

मोटरवाला:
जमेल, पण आधी हिशोब बघा. २० टन माल घेऊन ६ नॉटने (ताशी ११ किमी) चालायला साधारण २० किलोवॉट धरा. ४५ किमीला चार तास, म्हणजे ८० युनिट, चार्जिंगमधली घट धरून ९०-९५. आपली ग्रिडची वीज अजून बरीचशी कोळशाची आहे, युनिटमागे ०.७ किलोच्या आसपास कार्बन डायऑक्साइड, म्हणजे एका खेपेला ६५ किलो. तेच डिझेल इंजिनने केलं तर २२-२४ लिटर लागेल, लिटरला २.७ किलोने गणित परत ६०-६५ वरच येतं. म्हणजे नुसती मोटर बसवून गावातला धूर आणि आवाज जाईल, पण कार्बन तेवढाच राहील.

फरक पडतो तो वेगाने. ५ नॉटने चाललात तर पॉवर ४० टक्के उतरते आणि वेळ जास्त लागूनही एकूण वीज ३० टक्के वाचते. त्यात भरतीबरोबर वर जायचं आणि ओहोटीबरोबर खाली यायचं, हे पडाववाले करायचेच. आणि धक्क्यावरच्या शेडवर २० किलोवॉटचं सोलर टाकलं तर पावसाळा सोडून दिवसाला ८० युनिटच्या आसपास मिळतील, एक खेप त्यात निघाली. केरळात वैकमला २०१७ पासून आदित्य नावाची सोलर फेरीबोट माणसं नेतेय, तेव्हा तंत्र नवीन नाही.

एक हॉर्सपॉवर रस्त्यावर १५० किलो, रेल्वेने ५०० आणि पाण्यावर ४००० किलो ओढते हा आकडा सगळीकडे फिरतो, पण तो मोठ्या बार्जचा (सपाट तळाच्या मालवाहू जहाजाचा) आहे. २० टनाच्या होडीला तो लावून कुणाला पटवायला जाऊ नका.

मांडवीवरचा:
मी गोव्यात खनिजाच्या बार्जवर होतो, २०१२ ला खाणी बंद पडल्या तोपर्यंत. एकच सांगतो, पैसा पाण्यावर जात नाही, धक्क्यावर जातो. आमच्याकडे जेटीवरून खनिज थेट बार्जमध्ये पडायचं आणि खाली मुरगाव बंदरात ग्रॅबने (क्रेनच्या पंजाने) उचलायचे, म्हणून वर रिकामं यायला लागलं तरी परवडायचं. तुमची पोती टेम्पोतून होडीत, होडीतून परत टेम्पोत, प्रत्येक वेळी हमाली. तिथेच सगळी बचत संपेल. त्यात भरती-ओहोटीत दोन-अडीच मीटरचा फरक, फळीवरून पोती नेताना माणूस घसरतो हो, ते मी बघितलंय. तरंगता धक्का, साधी हात-क्रेन आणि माल पॅलेटवर (लाकडी फळ्यांच्या चौकटीवर) बांधलेला, हे आधी करा, होडी नंतर घ्या. कोचीन शिपयार्डने नॉर्वेसाठी दोन इलेक्ट्रिक जहाजं बांधली, एकावर १६ ट्रेलर मावतात, ते ट्रेलर जसेच्या तसे चढतात आणि पलीकडे उतरतात, माल कुणी हातात घेतच नाही. दाभोळ-धोपावे फेरीवर ट्रक चढतात तेच तत्त्व.

पावसाची पण तजवीज ठेवा. मांडवी नदीच्या तोंडाशी पावसात बार्ज जायचे नाहीत, मग आम्ही कुंभारजुव्याच्या कालव्यातून झुआरी नदीत उतरून मुरगाव गाठायचो. तुम्ही खाडीच्या आतच राहिलात तर समुद्राचा त्रास नाही, पण वाशिष्ठीला पूर आला की बंदच.

नकाशावाली:
गाळाचं कुणी बोललं नाही म्हणून लिहिते. २०२१ च्या पुरानंतर चिपळूणजवळ गाळ काढायचं काम झालं, पण खाडीचा वरचा पट्टा उथळ आहे आणि ओहोटीत होडी रुतायची भीती आहेच, त्यामुळे वेळापत्रक घड्याळावर न लावता भरतीवर लावायला लागेल आणि व्यापाऱ्याला ते मान्य आहे का हे आधी विचारा. कागदपत्रांसाठी २०२१ चा अंतर्देशीय जलयान कायदा वाचा आणि महाराष्ट्र मेरिटाइम बोर्डाकडे जा. खाडीबाहेर जायचं मनात आणू नका, समुद्रासाठी नियम वेगळे.

खाडीपट्टा:
सगळ्यांचे खूप आभार, मोटरवाला दादांचा हिशोब गटात वाचून दाखवला. आता ठरलंय की होडीची चौकशी थांबवायची आणि आधी दोन्ही टोकांना किती पोती, कुठल्या महिन्यात, परतीला काय, हे महिनाभर लिहून काढायचं. सिमेंट आणि खताचे दोन दुकानदार भरतीच्या वेळेला तयार आहेत, तिसरा नाही म्हणतोय. गोवळकोटला मे महिन्यातल्या ओहोटीला धक्क्यापाशी किती पाणी राहतं हे कुणी स्वतः बघितलं असेल तर प्लीज सांगा, त्यावरच होडीचा तळ ठरणार आहे.