टॉवेलचा कारखाना चालवायला सोलापूरला परत यावं का?

पूर्वभागातला:
नमस्कार मंडळी. मी चाकणला गाडीच्या सुट्या भागांच्या कंपनीत क्वालिटीला आहे. वडिलांचा अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलचा कारखाना आहे. सोळा माग, सगळे जुने, साधे. त्यातले पाच-सहा तर कामगार नाही म्हणून झाकूनच असतात. वडील म्हणतात, येतोस तर ये, नाहीतर माग भंगारात काढतो आणि शेड गोडाऊनला भाड्याने देतो. मशीनचा एजंट रॅपियर, म्हणजे नवे वेगवान माग, घ्या म्हणून मागे लागलाय, बँकही कर्ज देते म्हणते. पण गावाकडे बघून धीर होत नाही. माझ्या वर्गातली निम्मी पोरं हिंजवडी नाहीतर हडपसरला. वंदे भारत आली, विमान सुरू झालं, याने धंद्याला काही फरक पडणार का? पुढची वीस वर्षं सोलापुरात कापड राहील का?

सातरस्ता:
येऊ नका. विमानाला आड येते म्हणून 2023 च्या जूनमध्ये सिद्धेश्वर साखर कारखान्याची चिमणी पाडली, 2025 च्या जूनमध्ये गोव्याचं विमान उडालं. विमानातून टॉवेल जात नाहीत, पोरं जातात. उजनीसारखं धरण उशाला असून नळाला रोज पाणी नाही. शेड भाड्याने द्या आणि निवांत राहा.

जमाखर्चवाली:
दादा, विमान आणि चिमणी बाजूला ठेवा, त्यावर इथे वर्षभर भांडून झालंय. मी पूर्व भागातल्याच कारखानदारांच्या वह्या आणि जीएसटीची कामं करते. वडील चादरीच्या मागावर होते, अम्मा विड्या वळायची. म्हणून मालकाची वहीही बघते आणि कामगाराच्या घरातला हिशेबही पाठ आहे.

सोलापूर बुडालं ही ओरड जुनीच आहे. 1877 ची जुनी मिल 1949 मध्ये बंद पडली तेव्हा दिल्लीहून वटहुकूम काढून ती ताब्यात घ्यावी लागली, प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं. पुढे लक्ष्मी-विष्णू गेली, नरसिंग गिरजी गेली. गिरण्या गेल्या तरी गाव तगलं ते यंत्रमागावर, हे तुम्हाला कोणीही सांगेल. पण यंत्रमाग कशावर तगला? विडीवर.

मागवाल्याच्या आठवड्याच्या पगारात पाच माणसांचं घर कधीच चालत नव्हतं. आमचं चाललं कारण अम्मा सकाळी विडी कंपनीच्या ब्रँचवरून पान-तंबाखू आणायची, पानं भिजवायची, कात्रीने कापायची आणि हजार विड्या होईपर्यंत मांडीवरचं सूप उतरायचं नाही. ब्रँचवर छाट काढली, म्हणजे विड्या खराब म्हणून बाजूला टाकल्या, की तेवढी मेहनत गेली, वर बोलणी खायची. किराणा त्यातून, आमच्या फिया त्यातून. वडिलांचा पगार घरभाडं, दवाखाना आणि सणाला पुरायचा. म्हणजे तुमच्या वडिलांचा टॉवेल बाजारात स्वस्त पडायचा, कारण विणणाऱ्याचं अर्धं घर विडी कंपनी चालवत होती. हा आकडा कुठल्याच कारखानदाराच्या वहीत नाही. मी शोधून बघितलाय म्हणून सांगते.

आता तो आधार गेला. कुंभारीला विडी कामगार बायकांची दहा हजार घरकुलं झाली, 2024 मध्ये रे नगरच्या पंधरा हजार घरांच्या चाव्या वाटल्या. चांगलंच झालं, लढून मिळवलेली घरं आहेत ती. पण त्या घरांतल्या पोरी मांडीवर सूप घेत नाहीत. बी.कॉम. करतात, मॉलमध्ये, दवाखान्यात, शिवणकामाला जातात. मी तरी कुठे घेतलं? मग विडीशिवाय नुसत्या मागावर घर चालवायला कोण तयार होईल? मालक म्हणतात कामगार मिळत नाही. मिळतो हो, त्या पैशात मिळत नाही. तुमचे झाकलेले माग ते हेच.

तेव्हा गावाचं भविष्य विचारू नका, वही काढा. मजुरी आजच्या दीडपट धरा आणि गेल्या तीन वर्षांचा हिशेब पुन्हा घाला. तरी काही उरलं तर या. नाही उरलं तर साध्या मागांचा विषय संपला, मग ते तुम्ही चालवा की वडिलांनी. जीआयच्या, म्हणजे भौगोलिक मानांकनाच्या, भरवशावर राहू नका. सोलापुरी चादर आणि टॉवेल दोन्हींना तो कधीचाच मिळालाय, आणि पानिपतचा हलका माल सोलापुरी म्हणून खुशाल विकला जातोय.

गणवेशवाला:
ताईंचं बरंच पटलं. माझ्याकडे शाळेचे गणवेश शिवायला येणाऱ्या बहुतेक बायका विडी सोडलेल्याच आहेत. पण दीडपट मजुरी म्हणजे ऑफिसात बसून सांगायची गोष्ट. उद्या मी दीडपट दिली तर गिऱ्हाईक त्याच रात्री दुसऱ्या गावाला फोन लावेल. शिवाय आमचं काम हंगामी, शाळा सुरू झाल्या की चार महिने मशीनवर धूळ. पूर्व भागातले दादा, तुम्ही टॉवेल सोडून गणवेशात यायचा विचार करत असाल तर एवढं लक्षात घ्या.

जमाखर्चवाली:
गणवेशवाले अण्णा, गिऱ्हाईक फोन लावेल हे खरं. पण आज न देता तरी ते कुठे थांबलंय? तुमच्या बायका विडी सोडून तुमच्याकडे आल्या, कारण तुम्ही विडीपेक्षा जास्त दिलंत. उद्या कोणी तुमच्यापेक्षा जास्त दिलं की तिकडे जातील. तेव्हा ऑफिसात बसून सांगते म्हणालात तरी मला वाईट वाटणार नाही, स्पष्टच सांगते.

पूर्वभागातला:
वही काढली. साध्या मागांवर दीडपट मजुरी धरली की काहीच उरत नाही, दोन वर्षं तर उलट तोटा. सहा रॅपियर धरले, हॉटेलच्या पांढऱ्या टॉवेलचं काम धरलं, माणसं कमी पण पगार चांगला, असं केलं तर उरतं. पहिली दोन-तीन वर्षं हप्ता जड जाईल. वडिलांना दाखवलं तर म्हणाले, "शेजारचा देत नाही दीडपट, तू कशाला देतोस?" यावर काय बोलायचं?

जमाखर्चवाली:
शेजाऱ्याचे किती माग झाकून आहेत ते वडिलांनाच मोजायला सांगा.

आणि बँकेत जायच्या आधी दोन गोष्टी. वीजबिलावर मंजूर भार बघा. यंत्रमागाची वीज सवलत 27 एचपीच्या आत वेगळी आणि वर वेगळी आहे. नवीन मशीनच्या नादात भार वाढला की तुमचा हिशेब हलतो, आणि एजंट हे सांगत नाही. दुसरं, ज्या माणसाच्या भरवशावर रॅपियर घेताय त्याच्याशी आधी बोला, पगाराचा आकडा तोंडाने सांगून. तो चाकणला तुमच्याच कंपनीच्या गेटवर उभा असायचा नाहीतर. सहाऐवजी दोनच मशीन घेऊन सुरुवात केली तर हप्ता किती बसतो, तेही मांडून इथे टाका. बघते.