मदत हवी आहे: वनस्पती ओळखीच्या ईमेल गटात गावाच्या वतीनं पहिला मेल टाकायचा आहे

नमस्कार मंडळी,

गडचिरोली जिल्ह्यात कुरखेडा तालुक्यातल्या एका लहान गावातून लिहीत आहे. गावाच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीत लिहिण्या-वाचण्याचं काम माझ्याकडे आहे. सध्या लोक जैवविविधता नोंदवही नव्यानं लिहिणं चालू आहे. गावाच्या हद्दीतली झाडं, वेली, कंद, बोडीतले मासे, धानाचे जुने वाण, आणि त्यांच्याबद्दल गावाला जे जे माहीत आहे ते सगळं तिच्यात यायला पाहिजे. 2002 चा जैवविविधता कायदा आणि त्याखालचे नियम यांनी हे काम समितीवर सोपवलं आहे. पुष्कळ ठिकाणी बाहेरून कुणी येतं आणि एका बैठकीत वही भरून टाकतं. आमच्या ग्रामसभेनं ती स्वतः लिहायची ठरवली. वेळ लागून राहिला आहे, लागू दे, पण ती खरी व्हायला हवी.

अडचण शास्त्रीय नावांची आहे. गावातलं नाव माहीत राहते, कोणत्या महिन्यात काय खुडायचं तेही माहीत राहते, पण वहीतल्या रकान्यात शास्त्रीय नाव लागतं. ते अंदाजानं लिहायचं नाही असं आमचं ठरलं आहे. म्हणून मी वनस्पती ओळखून देणाऱ्या एका ईमेल गटाची सभासद झाले. देशभरातले प्राध्यापक, वनखात्यातून निवृत्त झालेले लोक, नुसत्या आवडीपोटी अभ्यास करणारे, असे सगळे तिथे आहेत आणि एक पैसा न घेता उत्तरं देतात. मी अजून काही लिहिलेलं नाही, फक्त वाचते आहे. वाचताना एक गोष्ट लक्षात आली. काही मेलना तासाभरात तीन-तीन उत्तरं येतात आणि काही तसेच पडून राहतात. पडून राहिलेली झाडं काही फार अवघड नसतात. म्हणजे फरक विचारण्यात आहे. तो मला समजून घ्यायचा आहे, कारण माझा मेल माझ्या एकटीचा नसेल, ग्रामसभेचा असेल.

आता प्रश्न. समितीतली मुलं जंगलातून व्हॉट्सॲपवर फोटो पाठवतात. ते एकाच मेलमध्ये सगळे जोडून पाठवावेत की एका झाडाला एक मेल? आमच्याकडे नेटवर्क शाळेमागच्या टेकडीवरच धड मिळते, म्हणून मला एका खेपेत पाठवणं सोपं जाईल. मेल मराठीत लिहिला तर चालेल का? माझं इंग्रजी कामापुरतं आहे.

उत्तर आल्यावर धन्यवाद कुणाला लिहायचे? आपल्याकडे कुणी काम करून दिलं आणि आपण काहीच बोललो नाही तर बरं दिसत नाही. पण तेवढ्या एका शब्दासाठी हजारो लोकांच्या फोनवर मेल जावा हेही पटत नाही. समितीतल्या दोघांना रोजचा मेलचा मारा झेपत नाही, त्यांना बाहेर पडायचं आहे. गटावर मी पाहिलं, एकानं 'मला काढा' असं सगळ्यांना लिहिलं आणि मग दिवसभर तसलेच मेल येत राहिले. तसं आमच्याकडून होऊ द्यायचं नाही.

आणि सगळ्यात मोठा प्रश्न. काही वनस्पतींचे औषधी उपयोग गावाबाहेर द्यायचे नाहीत असं ग्रामसभेनं ठरवलं आहे. मुसळीसारख्या कंदांची ठिकाणंही नाहीत. व्यापारी असंच विचारत येतात आणि पुढच्या वर्षी तिथे खड्डे राहतात. मग ठिकाण आणि उपयोग न सांगता ओळख मागता येते का? की तसं विचारणं त्या लोकांना अर्धवट वाटेल?

ज्यांना अशा गटांचा अनुभव आहे त्यांनी कृपया सविस्तर सांगा.

प्रतिसाद

ताई, आधी लिस्ट, म्हणजे हा ईमेल गट, वाचून घेताय हे फार चांगलं करताय. ऑक्टोबर 1995 मध्ये आरएफसी 1855 नावाचं नेटिकेटचं, म्हणजे इंटरनेटवर वागण्या-बोलण्याच्या रीतीचं, एक टिपण निघालं होतं. लिहिण्याआधी महिना-दोन महिने नुसतं वाचा, असं त्यात स्पष्ट लिहिलं आहे. इतकी वर्षं झाली तरी तो सल्ला जुना झालेला नाही.

एका झाडाला एकच मेल. हा नियम वाकवू नका, नेटवर्कसाठीसुद्धा नाही. दहा झाडं एका मेलमध्ये टाकली की कुणी तिसऱ्याचं उत्तर देतो, कुणी सातव्याचं, आणि कोणतं नाव कोणत्या फोटोचं हे पुढे कुणालाच कळत नाही. मुळात असे मेल जाणकार उघडतच नाहीत, कारण त्यांना चहा पिता पिता एका झाडाचं उत्तर देता येतं, दहांचं नाही. टेकडीवर जाण्याआधी घरीच मेल लिहून पाठवायचं बटण दाबून ठेवा. जीमेल ते आउटबॉक्समध्ये धरून ठेवतं आणि रेंज आली की एकामागून एक सोडतं.

सब्जेक्टमध्ये 'मदत हवी', 'अर्जंट', 'हे कोणतं झाड' असं लिहू नका. तिथे रोज येणारे सगळेच तेवढ्यासाठी आलेले असतात. झुडूप की वेल, जिल्हा, महिना आणि गावातलं नाव, एवढं सब्जेक्टमध्ये आलं की ज्याला त्या भागाची माहिती आहे तो थांबतो. दोन वर्षांनी कुणी जुन्या मेलमध्ये शोधलं तरी सापडतं.

आणि एक बारीक गोष्ट, जी बहुतेकांना माहीत नसते. नवीन झाडाबद्दल विचारायचं असेल तर जुन्या मेलला रिप्लाय करून सब्जेक्ट बदलू नका. तुमच्या जीमेलमध्ये तो वेगळा दिसेल, पण प्रत्येक मेलच्या आत तो कशाचं उत्तर आहे याची खूण दडलेली असते. बऱ्याच लोकांच्या प्रोग्राममध्ये तो जुन्याच चर्चेच्या पोटात जाऊन बसतो. नवीन प्रश्न, नवीन कंपोज.

उत्तराला उत्तर देताना खाली आपोआप येणारी जुन्या मेलची सगळी शेपटी काढून टाका. ज्या दोन ओळींबद्दल बोलताय त्या ठेवा आणि त्यांच्याखाली आपलं लिहा.

प्रतिसाद

भाषेबद्दल. इंग्रजी साधंच लिहा, तिथे कुणी व्याकरण तपासत नाही. गावातलं नाव मात्र देवनागरीतही द्या आणि रोमनमध्येही, कारण उत्तर देणारा केरळचा असू शकतो. मराठी नावं गाळू नका, गटाच्या संग्रहात झाडीपट्टीतली नावं फार कमी असतात.

बाहेर पडायचं असेल तर लिस्टला लिहायचंच नाही. जवळजवळ प्रत्येक मेलच्या तळाशी बाहेर पडण्याची लिंक असते. गूगल ग्रुप असेल तर गटाच्या पत्त्यात ॲटच्या खुणेआधी अधिक चिन्ह आणि अनसबस्क्राइब हा शब्द जोडून कोरा मेल पाठवला तरी चालतं. तो ज्या पत्त्यावरून नाव नोंदवलं त्याच पत्त्यावरून जायला हवा, गाडी अडते ती तिथे.

पण त्या दोघांना बाहेर काढण्याआधी सेटिंग बघा. 'डायजेस्ट' निवडलं तर पंचवीसपर्यंत मेल एकत्र येतात. 'नो ईमेल' निवडलं तर सभासदत्व राहतं आणि वाचायचं तेव्हा वेबवर जाऊन वाचता येतं. फक्त डायजेस्टला थेट रिप्लाय मारू नका. सब्जेक्ट डायजेस्टचाच जातो आणि कोणत्या प्रश्नाचं उत्तर आहे ते हरवतं.

पहिला मेल पाठवल्यावर तो दिसला नाही तर पुन्हा पाठवू नका. नवीन सभासदाचा पहिला मेल बहुतेक गटांत मॉडरेटर बघूनच सोडतात. शिवाय गटाला पाठवलेला स्वतःचा मेल जीमेल इनबॉक्समध्ये परत दाखवत नाही, तो सेंटमध्येच राहतो.

धन्यवाद जरूर लिहा, पण थोडं थांबून. दोन-तीन उत्तरं येऊ द्या, मग एकच मेल गटाला: कोणतं नाव पक्कं झालं, कशावरून झालं, आणि सगळ्यांचे आभार. त्या मेलचा पुढच्या माणसालाही उपयोग होतो. एखाद्यानं खास मेहनत घेतली असेल तर त्याला वेगळं, वैयक्तिक लिहा.

प्रतिसाद

तुमच्या शेवटच्या प्रश्नाबद्दल लिहितो, कारण बाकीचं चुकलं तर सुधारता येतं, हे नाही.

मेल एकदा लिस्टवर गेला की तो शेकडो इनबॉक्समध्ये पोचलेला असतो आणि बहुधा वेबवरच्या संग्रहातही, जिथे सर्च इंजिनं वाचतात. मॉडरेटरनं नंतर संग्रहातून काढला तरी लोकांच्या इनबॉक्समधून कुणी काढू शकत नाही. तेव्हा ग्रामसभेनं ठरवलं आहे ते अगदी बरोबर आहे, आणि त्यानं तुमचा प्रश्न अर्धवट होत नाही. ओळख पटायला पान, फूल, फळ, खोड, उंची, महिना आणि साधारण अधिवास लागतो. औषधी उपयोग लागत नाही. ठिकाण म्हणून 'गडचिरोली जिल्हा, पानझडी जंगल, ओढ्याकाठी' एवढं पुरतं. कुणी नेमकं ठिकाण किंवा उपयोग विचारलाच तर सरळ लिहा की ही माहिती ग्रामसभेच्या निर्णयानुसार बाहेर देत नाही. चांगले अभ्यासक याचा मान ठेवतात. वैयक्तिक मेलवर विचारलं तरी उत्तर तेच द्या.

आता फोटो. मोबाइलच्या कॅमेऱ्यात लोकेशन चालू असेल तर फोटोच्या फाइलमध्ये अक्षांश-रेखांश लिहिले जातात. मेलला मूळ फोटो जोडला तर तेही सोबत जातात, आणि तुमचा मुसळीचा कंद नकाशावर ठिपक्यासारखा दिसतो. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवल्यावर ही माहिती निघून जाते, पण फोटो इतका दाबला जातो की पानावरची लव दिसेनाशी होते. म्हणून मुलांना कॅमेऱ्यातलं लोकेशन बंद करायला सांगा, मूळ फोटो केबलनं किंवा ब्लूटूथनं घ्या आणि मग आकार थोडा कमी करून जोडा. जीमेल 25 एमबीपर्यंत जाऊ देतं, पण गटाची मर्यादा बहुधा त्याहून बरीच कमी असते. गटाच्या स्वागताच्या मेलमध्ये ती दिलेली असते. ठिकाणाची नोंद तुमच्या वहीत हातानं करा, ती तिथेच शोभते.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. लोकेशनची गोष्ट आम्हाला कुणालाच माहीत नव्हती. आज संध्याकाळी समितीच्या बैठकीत सगळ्यांचे फोन तपासणार आहोत. त्या दोघांसाठी डायजेस्ट लावून पाहते.

पहिला मेल तरोट्याबद्दल करावा म्हणते. हा काही लपवायचा विषय नाही, पहिल्या पावसानंतर घरोघरी भाजी होते. पण गावातल्या जाणत्या बाया दोन प्रकार सांगतात. एकाची कोवळी पानं खुडतात, दुसऱ्याला हात लावत नाहीत. नोंदवहीत दोन्ही वेगळे यायला हवेत. मसुदा असा आहे, पाठवताना इंग्रजीत करीन:

'सब्जेक्ट: झुडूप, गडचिरोली, जुलै, स्थानिक नाव तरोटा, दोन प्रकार.
नमस्कार. आम्ही आमच्या गावाची लोक जैवविविधता नोंदवही लिहीत आहोत. सोबत दोन झुडपांचे फोटो आहेत. दोन्ही धुऱ्यावर आणि रस्त्याकडेला उगवतात, उंची गुडघ्याएवढी. पहिल्याची कोवळी पानं गावात भाजी म्हणून खातात, दुसरं खात नाहीत, त्याला उग्र वास आहे. दोन्हीची ओळख आणि ती कशावरून ठरली ते कळवावं. आमच्या नोंदीत आपला उल्लेख आपल्या परवानगीनं करू.'

काही बदलायचं असेल तर सांगा.

प्रतिसाद

ताई, मसुदा छान आहे, विशेषतः 'कशावरून ठरली' हे विचारलंत ते. नुसतं नाव मिळवून उपयोग नसतो. 'एक झाड, एक मेल' असं वर म्हटलं आहे, पण इथे तुलनाच करायची आहे म्हणून दोन्ही एकत्र चालतील. फोटोंच्या फाइलना 'अ-पान', 'अ-शेंग', 'ब-पान' अशी नावं द्या.

मी वनस्पतिशास्त्र शिकवतो, म्हणून थोडं जास्त सांगतो. तुमचं 'ब', म्हणजे न खाण्याचं दुसरं झुडूप, बहुधा कासविंदा, म्हणजे सेना ऑक्सिडेंटालिस, निघेल. त्याची पर्णिका, म्हणजे एका पानातलं एकेक छोटं पातं, टोकदार असते आणि पानाच्या देठाच्या अगदी बुडाशी एक ग्रंथी, बारीक गाठीसारखी, असते. तरोट्याची, म्हणजे सेना टोराची, पर्णिका टोकाकडे रुंद आणि गोलसर असते, आणि ग्रंथी पर्णिकांच्या खालच्या दोन जोड्यांच्या मध्ये असतात. सेना ऑब्ट्युसिफोलिया नावाचा तिसरा भाऊबंद दिसायला हुबेहूब तरोट्यासारखा, पण त्याला फक्त सगळ्यात खालच्या जोडीत ग्रंथी असते. म्हणजे तुमच्या बायांचा 'अ' या दोघांपैकी कोणताही असू शकतो.

फरक किरकोळ नाही. कासविंद्याच्या बिया खाऊन लहान मुलं दगावल्याचे प्रकार उत्तर भारतात नोंदले गेले आहेत. तुमच्या जाणत्या बाया त्याला हात लावत नाहीत ही नोंद म्हणूनच वहीत ठळक करा.

मेल पाठवण्याआधी एवढं करा: दोन्ही झुडपांचं एकेक पूर्ण पान, देठाच्या बुडापासून टोकापर्यंत, पांढऱ्या कागदावर पट्टीशेजारी ठेवून फोटो घ्या, आणि ग्रंथींचा जवळून वेगळा घ्या. सकाळच्या उजेडात, फ्लॅश न वापरता. हे फोटो नसतील तर गटावरचा पहिलाच माणूस तेच मागेल आणि तुम्हाला पुन्हा टेकडी चढावी लागेल.